फ्युजन रिअॅक्टरची कंट्रोल आणि डेटा सिस्टिम: नागपुरातून येणारे तेच ते प्रश्न

मी बुटीबोरी एमआयडीसीत १७ वर्षं पीएलसी-स्काडाचं (म्हणजे मशिन चालवणारे छोटे कंट्रोलर, आणि ते पडद्यावर दाखवणारं-हाताळणारं सॉफ्टवेअर) काम करतो, आणि रविवारी सकाळी धरमपेठेत एका मित्राच्या खोलीवर पोरांना एपिक्स (एक फुकट कंट्रोल सॉफ्टवेअर, ८ वा प्रश्न बघा) शिकवतो, फुकट, तर्री पोह्याचे पैसे ज्याचे त्याने. आयटर या मोठ्या फ्युजन प्रोजेक्टच्या कंट्रोल सिस्टिमबद्दल जे काही खुलं उपलब्ध आहे ते वाचायचा नाद लागला तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी आयटरमध्ये कामाला नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर परत बायोडेटा येणं सुरू होईल.

१. फ्युजन रिअॅक्टर म्हणजे नेमकं काय, आणि त्याला एवढी मोठी कंट्रोल सिस्टिम कशाला लागते?

हायड्रोजनचे दोन जड भाऊ आहेत, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ते एकमेकांत मिसळले की हेलियम तयार होतं, एक जोरदार न्यूट्रॉन सुटतो आणि भरपूर ऊर्जा निघते. पण त्यासाठी तापमान लागतं १५ कोटी अंश सेल्सिअस. एवढं तापलेलं काही ठेवायला भांडंच नाही, म्हणून तो गॅस, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकाच्या जोरावर मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत अधांतरी धरून ठेवतात. या मशिनला टोकामॅक म्हणतात.

आता हा प्लाझ्मा आपणहून जागेवर बसत नाही, सारखा वर-खाली, आत-बाहेर सरकायला बघतो, त्याला क्षणाक्षणाला मोजून कॉइलमधला करंट बदलत राहावं लागतं. आणि हे चालू असताना बाजूला व्हॅक्यूम पंप, हेलियमचा थंडावा, हजारो अॅम्पियरचे पॉवर सप्लाय, कूलिंगचं पाणी, गॅस सोडणारे व्हॉल्व्ह हे सगळं एका तालात चालायला पाहिजे. लोकांना वाटतं हे अणुबॉम्बसारखं हाताबाहेर जाईल. उलटं आहे. हे ओल्या लाकडाच्या चुलीसारखं आहे, लक्ष हटलं की विझतं. विझताना मात्र चुलीचं नुकसान करू शकतं, त्यासाठी १६ वा प्रश्न बघा.

२. आयटर कुठे आहे आणि त्यात भारताचं काय?

फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश इथे. युरोपियन युनियन, भारत, जपान, चीन, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका असे सात भागीदार, करारावर सह्या नोव्हेंबर २००६ मध्ये. उद्देश असा की ५० मेगावॅट तापवायला घालायचे आणि फ्युजनमधून ५०० मेगावॅट काढायचे. २०२४ मध्ये जो नवा प्लॅन आला त्यात खरे संशोधनाचे प्रयोग २०३४ पासून आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचं काम २०३९ पासून धरलंय. उशीर झालाय का, तर झालाय.

भारताने पैसे कमी आणि सामान जास्त दिलंय. अख्ख्या मशिनला बाहेरून झाकणारा क्रायोस्टॅट, सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढाच रुंद, आपल्याकडून गेला. शिवाय थंड हेलियमच्या पाइपलाइन, कूलिंगचं पाणी, हीटिंगचे काही सोर्स आणि पॉवर सप्लाय. हे काम गांधीनगरजवळ भाट गावात असलेल्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चच्या छत्राखाली चालतं. आदित्य आणि एसएसटी-१ हे आपले स्वतःचे टोकामॅकही तिथलेच, त्यातलं आदित्य १९८९ पासूनचं.

३. कोराडीलापण कंट्रोल रूम आहे, तिथे पण हजारो सिग्नल आहेत, मग यात वेगळं काय आहे भाऊ?

हा प्रश्न कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात काम केलेल्या एका काकांनी विचारला होता आणि बरोबर विचारला होता. कोराडीचं ६६० मेगावॅटचं युनिट एकदा लागलं की आठवडेच्या आठवडे चालतं, ऑपरेटरचं कौशल्य ते स्थिर ठेवण्यात आहे. काल जे चाललं तेच आज चालावं हीच अपेक्षा.

टोकामॅकचं काम 'पल्स'मध्ये चालतं. तयारी करा, चुंबक चार्ज करा, गॅस सोडा, प्लाझ्मा पेटवा, काही सेकंद ते काही मिनिटं धरा, हळूच उतरवा, डेटा बघा, पुढच्या पल्सची सेटिंग बदला, परत. इंग्लंडमधल्या जेट नावाच्या टोकामॅकने १९८३ ते २०२३ या ४० वर्षांत १ लाख ५ हजारांच्या वर पल्स मारले. आयटरला मोठ्या ताकदीचा पल्स ४०० सेकंदांच्या आसपास टिकवायचाय. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा अख्खं पॉवर स्टेशन सुरू-बंद करायचं आणि दरवेळी थोडं वेगळं चालवायचं, कारण तो प्रयोग आहे. म्हणून इथे 'पल्स शेड्यूल' नावाचं एक प्रकरण असतं, कोणत्या सेकंदाला कोणी काय करायचं याचा कागद म्हणा, लग्नातल्या मुहूर्ताच्या कागदासारखा. तो मशिनवर चढवण्याआधी तपासणारं सॉफ्टवेअर हीच एक वेगळी डोकेदुखी आहे. कोराडीत ही भानगड नाही.

आणि एक, आयटरला टर्बाइन नाही. वीज बनवणार नाही. ५०० मेगावॅट ही उष्णता आहे, ती कूलिंग टॉवरमधून हवेत जाणार. हे सांगितल्यावर काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत.

४. कोडॅक म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या रोलवाला नव्हे. कंट्रोल, डेटा अॅक्सेस आणि कम्युनिकेशन यांची आद्याक्षरं. आयटरच्या सगळ्या यंत्रणांना वरून बांधणारी मधली सिस्टिम. दीडशेच्या वर वेगवेगळ्या लोकल कंट्रोल सिस्टिम खाली असतात, म्हणजे व्हॅक्यूमची एक, क्रायोची (हेलियमच्या थंडाव्याची) एक, प्रत्येक मोठ्या मोजमाप यंत्राची एक, आणि त्या सगळ्या कोडॅकशी एका भाषेत बोलतात.

पण मोठ्या फ्युजन मशिनमध्ये कंट्रोलचे तीन वेगळे संसार असतात, ही गोष्ट पहिल्या दिवशीच डोक्यात पक्की करा. एक, रोजचं चालवणं, तो कोडॅकचा भाग. दोन, इंटरलॉक, म्हणजे मशिन वाचवणं. तीन, सेफ्टी, म्हणजे माणसं आणि बाहेरचं वातावरण वाचवणं. तिन्हींचे कंट्रोलर वेगळे, केबल वेगळ्या, नेटवर्क वेगळं.

५. इंटरलॉक आणि सेफ्टी एकच झालं ना? वेगळे करून खर्च काहून वाढवायचा?

नाही, एक नाही, आणि खर्च वाढतो तो वाढू द्यायचा.

आमच्या इथल्या एका कारखान्यात (नाव नको) प्रेसच्या गार्डचा लिमिट स्विच (गार्ड बंद आहे का ते सांगणारा) वारंवार ट्रिप द्यायचा, म्हणजे मशिन आपोआप बंद पाडायचा. नाइट शिफ्टच्या कोणीतरी टर्मिनल ब्लॉकवर दीड इंचाचा वायरचा तुकडा टाकून तो शॉर्ट केला, निळी वायर होती, मला अजून आठवते. पीएलसीला वाटलं गार्ड बंद आहे. त्याच इनपुटवरून रोजचा सिक्वेन्स, मशिनचं संरक्षण आणि माणसाची सुरक्षा तिन्ही चालत होतं, म्हणजे एका तुकड्याने तिन्ही झोपले. अकरा दिवस ती वायर तशीच होती. कोणाचा हात गेला नाही हे नशीब, डिझाइन नव्हे.

मोठ्या मशिनमध्ये हे होऊ नये म्हणून वेगळं करतात. रोजच्या कंट्रोलचं सॉफ्टवेअर दर महिन्याला बदलणार, प्रयोग आहे, बदलावंच लागतं. इंटरलॉक क्वचित बदलेल, आणि बदलला तर परत सगळी टेस्ट. सेफ्टी तर अणु-नियामकाला दाखवल्याशिवाय हात लावता येत नाही, फ्रेंच कायद्याने आयटर ही अणु-सुविधा आहे. तिन्ही एकाच डब्यात ठेवले तर एक स्क्रीनचा रंग बदलायलासुद्धा नियामकाकडे जावं लागेल. म्हणजे वेगळं करणं हे सुरक्षेसाठी आहेच, पण त्याहून जास्त रोजचं काम मोकळेपणाने करता यावं म्हणून आहे. हे मला समजायला बरीच वर्षं लागली.

तिघांचं एकमेकांशी भांडण झालं तर कोणाचं ऐकायचं, ते १९ व्या प्रश्नात.

६. सात भागीदार आपापलं सामान आपापल्या कंट्रोलरसकट पाठवतात, मग जोडताना मारामारी होत नाही का?

माझ्या मते या अख्ख्या विषयातला हाच खरा प्रश्न आहे, प्लाझ्मा वगैरे नंतर.

आपल्या इथे एखाद्या प्लांटला बॉयलर एकाचा, चिलर दुसऱ्याचा, पॅकिंग लाइन तिसऱ्याची असते आणि इंटिग्रेशनवाला शेवटी बळीचा बकरा. मी एकदा तीन दिवस एका प्रेशर कंट्रोल लूपमागे (मोजायचं, बघायचं, दुरुस्त करायचं, परत मोजायचं, हे चक्र म्हणजे लूप) घालवले, लूप हलायचा नाही, शेवटी कळलं की एका पॅनलवाला बारमध्ये आकडा पाठवत होता आणि दुसरा तो किलोपास्कल समजून घेत होता. शंभर पटीचा फरक. दोघांची कागदपत्रं आपापल्या जागी बरोबर.

आयटरने यावर उपाय म्हणून प्लांट कंट्रोल डिझाइन हँडबुक काढलं. त्यात कोणती पीएलसी घ्यायची, कोणतं कॅबिनेट, सिग्नलला नाव कसं द्यायचं, अलार्म कसे ठेवायचे, यंत्रणा 'बंद', 'तयार', 'चालू' अशा कोणत्या अवस्थांतून जाईल, सगळं बांधून दिलंय. वर कोडॅक कोअर सिस्टिम नावाचं सॉफ्टवेअरचं पॅकेज सगळ्या भागीदारांना वाटलं, पहिली आवृत्ती २०१० ची. आणि मिनी-कोडॅक म्हणून एक छोटा सर्व्हर, जो पुरवठादाराच्या कारखान्यातच मधल्या सिस्टिमचं सोंग घेतो. म्हणजे सामान जहाजावर चढायच्या आधीच कळतं की ते बोलतंय की मुकं आहे.

हे सगळं वाचायला भयंकर कंटाळवाणं आहे. नावं कशी द्यायची यावर पानंच्या पानं. पण बारवाल्या त्या तीन दिवसांनंतर मला ते पंचपक्वान्नासारखं वाटलं.

७. तिथे आपली साधी पीएलसी चालते का?

चालते, आणि भरपूर चालते. व्हॉल्व्ह, पंप, तापमान, पाण्याची पातळी अशा हळू गोष्टींना सीमेन्सची एस-७ मालिकाच ठरवलेली आहे, आधी ३०० आणि ४००, मग १५००. यांना तिथे 'स्लो कंट्रोलर' म्हणतात. जिथे काम मिलिसेकंदाच्या आत हवं तिथे 'फास्ट कंट्रोलर', म्हणजे रिअल-टाइम लिनक्सवर चालणारे इंडस्ट्रियल कॉम्प्युटर, त्यात वेगवान अॅनालॉग कार्ड आणि गरज पडली तर एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किटच आपल्याला हवं तसं बांधता येणारी चिप.

बुटीबोरीतला चांगला पीएलसीवाला यातलं निम्मं ओळखेल. ३०० वरून १५०० वर जायची वेळ का आली हेही ओळखेल: प्रोजेक्ट ३० वर्षांचा, कंपनीचं मॉडेल त्याआधी म्हातारं. म्हणून सुरुवातीपासून 'हे बदलावं लागेल' असं धरूनच डिझाइन करतात.

८. एपिक्स काय आहे? स्काडा का नाही घेतलं?

एपिक्स हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतल्या लॉस अॅलामॉस आणि अर्गोन या लॅबमध्ये १९९० च्या सुमारास आकाराला आलं, पार्टिकल अॅक्सिलरेटरसाठी. कोरियाचा केस्टार टोकामॅक यावर चालतो, गुरुत्वीय लहरी पकडणारं अमेरिकेतलं लायगो यावर चालतं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, तेव्हा मराठवाड्यातल्या पोरांनी कान टवकारावे.

त्याची कल्पना सोपी आहे. प्रत्येक मोजमापाला किंवा सेटिंगला एक नाव, त्याला प्रोसेस व्हेरिएबल, म्हणजे पीव्ही. तो आकडा कोणत्या मशिनवर आहे हे विचारणाऱ्याला माहीत असायची गरज नाही, नेटवर्कवर नाव पुकारायचं, ज्याच्याकडे आहे तो ओ देतो. पीव्हीबरोबर नुसता आकडा येत नाही, एकक येतं, वेळेचा शिक्का येतो, आणि तो आकडा विश्वासाचा आहे का हेही येतं. तापमानाच्या पीव्हीला 'हाय' आणि त्यावर 'हायहाय' अशा दोन मर्यादा असतात. पहिली ओलांडली की किरकोळ अलार्म, दुसरी ओलांडली की मोठा. मराठी माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

बाजारातलं स्काडा का नाही, तर लाखो पीव्ही, ३० वर्षं, आणि सात भागीदारांच्या लायसन्सचे वाद. कोणत्याही एका कंपनीच्या दाराशी बांधून घ्यायचं नव्हतं. तरी इंटरलॉक आणि सेफ्टीकडे बाजारातलीच प्रमाणित उपकरणं वापरतात, कारण तिथे तपासलेलं सर्टिफिकेट लागतं.

९. एवढी वेगवेगळी नेटवर्क कशाला? एक चांगली फायबर टाकली की झालं ना?

इतवारीच्या गल्लीत दुपारी हातगाडी, मालाचा ट्रक आणि अॅम्ब्युलन्स एकत्र घातली तर काय होतं? तेच.

रोजच्या कामासाठी एक नेटवर्क, त्यावर एपिक्स. प्लाझ्मा कंट्रोलसाठी दुसरं, त्यावर छोटे छोटे निरोप पण ठरलेल्या वेळेत पोचलेच पाहिजेत. डेटा साठवायला तिसरं, त्यावर प्रचंड मोठा माल, थोडा उशीर चालतो. वेळ वाटायला चौथं. इंटरलॉक आणि सेफ्टीचं परत आपापलं. डेटाचा लोंढा आला म्हणून प्लाझ्माच्या कंट्रोलचा निरोप अडकला असं होता कामा नये, बस.

१०. वेळेचा एवढा बाऊ का? सगळ्या कॉम्प्युटरना एनटीपी लावलं तर?

एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरची घड्याळं जुळवायची नेहमीची पद्धत, तिने साधारण मिलिसेकंदाची अचूकता मिळते. ऑफिसला पुरते. आयटरच्या टाइम नेटवर्कचं लक्ष्य ५० नॅनोसेकंद आहे, पीटीपी नावाच्या, त्याहून अचूक घड्याळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलवर, त्याचा स्टँडर्ड नंबर आयईईई १५८८. एवढ्या वेळात प्रकाश हवेत १५ मीटर जातो, फायबरमध्ये १० मीटर. म्हणजे केबल किती लांब आहे तेसुद्धा हिशोबात धरावं लागतं.

कशासाठी, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो. रात्री कॉम्प्रेसर आणि कूलिंगचा पंप दोन्ही बंद पडले. कॉम्प्रेसरच्या पॅनलवर ट्रिपची वेळ २:१४, पंपाच्या पॅनलवर २:१७. सरळ आहे, आधी कॉम्प्रेसर गेला. आम्ही दोन दिवस कॉम्प्रेसर उघडून बसलो. तिसऱ्या दिवशी चहा पिताना पंपाच्या पॅनलचं घड्याळ सहज मोबाइलशी ताडून बघितलं तर ते ५ मिनिटं पुढे. म्हणजे पंप २:१२ ला गेला होता, आधी. कॉम्प्रेसर बिचारा पाण्याविना तापून बसला होता.

प्लाझ्मामध्ये हाच खेळ मायक्रोसेकंदात होतो. आधी चुंबकी सिग्नल हलला की आधी एक्स-रे वाढले, यावर कारण काय आणि परिणाम काय ते ठरतं. शिक्का मारणारी घड्याळं जुळली नाहीत तर जमवलेला डेटा कारण सांगू शकत नाही, नुसता आकड्यांचा ढीग राहतो.

११. प्लाझ्माचा कंट्रोल लूप किती फास्ट असतो?

प्रत्येक कामाचा वेगळा. आकार आणि जागा सांभाळणारा लूप मिलिसेकंदाच्या घरात, तापमान-घनता सांभाळणारा त्याहून हळू. आयटरच्या व्हेसलची, म्हणजे प्लाझ्मा ज्या पोकळीत असतो तिची, जाड धातूची भिंत इथे मदत करते, प्लाझ्मा सरकायला लागला की भिंतीत करंट तयार होऊन त्याला थोडं अडवतो, म्हणून कंट्रोलरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. छोट्या टोकामॅकमध्ये उलट सगळं जास्त घाईचं असतं, मशिन मोठं म्हणजे लूप फास्ट हा गैरसमज आहे.

आणि सरासरी वेग विचारू नका. ९९९ वेळा अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर दिलं आणि हजाराव्या वेळी लिनक्स दुसऱ्याच कुठल्या कामात २० मिलिसेकंद रमला, तर ती सरासरी मस्त दिसते आणि प्लाझ्मा भिंतीला लागतो. म्हणून सीपीयूचे काही कोअर फक्त कंट्रोलसाठी राखून ठेवतात, बाकी कोणालाच तिथे फिरकू देत नाहीत. सगळ्यात वाईट वेळ किती, एवढंच विचारायचं.

१२. डेटा किती निघतो, आणि सगळा ठेवायचा का?

स्वतः हिशोब करा. एक चॅनल, सेकंदाला १० लाख नमुने, प्रत्येक २ बाइटचा, म्हणजे सेकंदाला २ एमबी. ४०० सेकंदांच्या पल्सला ८०० एमबी. असे हजार चॅनल असले की एका पल्सला ८०० जीबी, आणि यात हायस्पीड कॅमेरे धरलेलेच नाहीत, खरा माल तेच खातात.

जुन्या मशिनमध्ये पल्स ५-१० सेकंदांचा असायचा, तेव्हा डेटा कार्डाच्या मेमरीत भरायचा आणि पल्स संपल्यावर निवांत उपसायचा, विहिरीतून पाणी काढल्यासारखा. त्यासाठी एमडीएसप्लस नावाचं सॉफ्टवेअर जगभर चालतं, आजही चालतं. लांब पल्समध्ये हे जमत नाही, वाहत्या नळाखाली बादल्या लावत राहाव्या लागतात, मोजमाप चालू असतानाच डेटा साठवायचा आणि शास्त्रज्ञांना चालू पल्समध्येच दाखवायचा.

सगळा ठेवायचा का, तर कच्चा डेटा शक्यतो ठेवतातच, कारण पल्स परत मारणं डिस्कपेक्षा कितीतरी महाग. पण माझा अनुभव, आकडे हरवत नाहीत, आकड्यांची माहिती हरवते. सेन्सरचं कॅलिब्रेशन कोणत्या तारखेचं, अॅम्प्लिफायरचा गेन त्या दिवशी किती होता, हे सोबत नसेल तर पाच वर्षांनी ती फाइल म्हणजे रद्दी.

१३. एवढ्या न्यूट्रॉनमध्ये आणि चुंबकात इलेक्ट्रॉनिक्स टिकतं कसं? आणि सेन्सर?

इलेक्ट्रॉनिक्स शक्यतो तिथे ठेवतच नाहीत, दूर भिंतीपलीकडे कॅबिनेट आणि मध्ये लांबच लांब केबल. जे आत ठेवणं भागच आहे ते म्हणजे सेन्सर, आणि त्यात सगळ्यात जास्त म्हणजे तांब्याच्या साध्या गुंडाळ्या.

गुंडाळीतून जे व्होल्टेज येतं ते चुंबकी क्षेत्र किती बदललं ते सांगतं, क्षेत्र किती आहे ते नाही. म्हणून ते बेरीज करत न्यावं लागतं, म्हणजे इंटिग्रेटर. आता अॅम्प्लिफायरला एक मायक्रोव्होल्टचा ऑफसेट आहे समजा. ५ सेकंदांच्या पल्सला कोणी विचारत नाही. पण १००० सेकंद तो साचत राहिला की २०० पट चूक, आणि कंट्रोलरला वाटतं प्लाझ्मा सरकला. तो इमानदारीने, न सरकलेला प्लाझ्मा सरकवायला जातो. माझ्या क्लासमधल्या एका पोरीने अर्डुइनोवर (शिकायचं छोटं स्वस्त कंट्रोलर बोर्ड) हे करून बघितलं, टेबलावर गुंडाळी, जवळ चुंबक नाही, काही नाही, आणि पडद्यावरची रेघ मजेत वर चढत चालली होती. ती म्हणे सर, हिला काय दिसून राहिलं?

उपाय म्हणजे सिग्नल ठरावीक वेळाने उलटसुलट जोडून ऑफसेट वजा करणं, हॉल सेन्सरसारखी (जो क्षेत्र थेट मोजतो) दुसरी मोजमापं ताडून बघणं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने केबलमध्येच थोडं व्होल्टेज तयार होतं तो वेगळा ताप.

१४. एआय आलंय आता, मग हे सगळं तेच करेल ना?

थोडं करतंय. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या टीसीव्ही टोकामॅकवर डीपमाइंड या गुगलच्या एआय कंपनीच्या लोकांनी शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कने कॉइल सांभाळून प्लाझ्माला वेगवेगळे आकार दिले, खरं मशिन, सिम्युलेशन नव्हे. गडबड होणार आहे हे आधी ओळखायलाही वापरतात.

अडचण अशी की हे शिकतं चुकांमधून, आणि आयटरला चुका परवडत नाहीत. दुसऱ्या मशिनवर शिकलेलं इथे जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणून सल्लागार म्हणून ठीक, शेवटचा ट्रिप मात्र चार ओळींत समजावून सांगता येईल अशा लॉजिकवर. मी स्वतः तरी तेच करेन.

१५. नागपुरात बसून हे शिकता येतं का? व्हीएनआयटी नाही मिळालं, साध्या कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन करतोय.

येतं. एपिक्स फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, सॉफ्ट आयओसी, म्हणजे पीव्ही पुरवणारा एपिक्सचा प्रोग्रॅम, चालवा. आमच्या क्लासचा पहिला प्रोजेक्ट कूलर. एप्रिलमध्ये प्रत्येकाच्या घरी असतोच. टाकीतली पातळी, पंप चालू की बंद, खोलीचं तापमान, तीन पीव्ही. मग अलार्म लावा. मग पंप पाण्याशिवाय चालू नये म्हणून इंटरलॉक, आणि तो एपिक्सच्या बाहेर, साध्या फ्लोट स्विचने थेट रिलेवर. मग लॅपटॉप मुद्दाम बंद करून बघा की इंटरलॉक चालतोय का. हे झालं की ४ आणि ५ नंबरचं उत्तर हाताला कळतं.

पुढे जायचं तर पायथन, सी, कंट्रोल थिअरी, नेटवर्किंग आणि ग्राउंडिंग-शिल्डिंग. शेवटचं कोणी शिकवत नाही आणि निम्मे फॉल्ट तिथलेच असतात.

१६. डिसरप्शन आणि क्वेंच एकच का? दोन्हीत "सगळं बंद पडलं" म्हणतात.

नाही. डिसरप्शन प्लाझ्माचं, क्वेंच चुंबकाचं.

डिसरप्शनमध्ये प्लाझ्मा आपली उष्णता दोन-तीन मिलिसेकंदांत टाकतो आणि मग दीड कोटी अॅम्पियरचा करंट १०० मिलिसेकंदांच्या आसपास कोसळतो. भिंत भाजते, व्हेसलला हिसका बसतो, आणि काही इलेक्ट्रॉन सुसाट पळत सुटून भिंतीला भोक पाडू शकतात. यावर गोठवलेल्या हायड्रोजन-निऑनच्या गोळ्या झाडायच्या, त्या वाटेत फुटून चुरा होऊन प्लाझ्मात शिरतात आणि ऊर्जा सगळीकडे सारखी विखुरते. गोळी पोचायलाच काही मिलिसेकंद जातात, म्हणून कंट्रोल सिस्टिमला डिसरप्शन दिसून उपयोग नाही, येताना दिसलं पाहिजे.

क्वेंचमध्ये उणे २६९ अंशाला ठेवलेल्या सुपरकंडक्टिंग कॉइलचा एखादा तुकडा गरम होऊन साध्या वायरसारखा वागायला लागतो. आयटरच्या चुंबकांत मिळून ५१ गिगाज्यूल साठतात, म्हणजे सुमारे १४ हजार युनिट, महिन्याला ३०० युनिट जाळणाऱ्या घराचं जवळपास ४ वर्षांचं बिल. ती ऊर्जा एका तुकड्यात जिरली तर कॉइल गेली. म्हणून थोड्याशा व्होल्टेजवरून क्वेंच ओळखून ऊर्जा बाहेरच्या मोठ्या रेझिस्टरमध्ये सोडतात.

तिढा इथे आहे: डिसरप्शन झालं की कॉइलमध्ये जे व्होल्टेज उसळतं ते क्वेंचसारखंच दिसू शकतं. डिटेक्टर फार हळवा ठेवला तर प्रत्येक डिसरप्शनला चुंबक उगाच रिकामे होतील आणि परत थंड करायला वेळ जाईल. फार निबर ठेवला तर खरा क्वेंच निसटेल. म्हणून शेजारच्या कॉइलचं व्होल्टेज वजा करणं, काही वेळ थांबून खात्री करणं, हे सगळं. क्वेंचला सेकंदांची सवड असते, डिसरप्शनला नसते.

१७. हॅकरने घुसून रिअॅक्टर उडवला तर?

उडण्यासारखं त्यात काही नाही, १ ला प्रश्न बघा. नुकसान करता येईल, म्हणून मशिनचं नेटवर्क ऑफिसपासून तोडलेलं, बाहेरच्यांना डेटा बघता येतो पण आत हुकूम देता येत नाही. सेफ्टीचं नेटवर्क तर वेगळंच. पेन ड्राइव्ह घेऊन येणारा कंत्राटदार हा हॅकरपेक्षा मोठा धोका, इथेही आणि तिथेही.

१८. लाइट गेली तर? आपल्याकडे तर सगळं फेल-सेफ म्हणजे पॉवर गेली की बंद.

बहुतेक ठिकाणी तेच तत्त्व, सिग्नल तुटला म्हणजे ट्रिप. पण इथे अपवाद आहेत. गोळ्या झाडणाऱ्या सिस्टिमला काम करायलाच ऊर्जा लागते, तिथे वायर तुटली म्हणून गोळी सुटली तर चांगला पल्स वाया, आणि नाही सुटली तर भिंत. चुंबक रिकामे करणारे स्विच वीज नसतानाही उघडलेच पाहिजेत, म्हणून एक स्विच अडकला तर दुसरा तयार. आणि हेलियमचा प्लांट बंद पडला तर चुंबक लगेच तापत नाही, तासांचा अवधी असतो, तिथे धडाधड ट्रिप करण्यापेक्षा सावकाश उतरवणं बरं. 'सेफ' म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक यंत्रणेला वेगळं विचारावं लागतं.

१९. सेन्सरच खोटं बोलला, किंवा दोन सिस्टिमचं म्हणणं वेगळं पडलं तर कोणाचं ऐकायचं?

एका सेन्सरवर महत्त्वाचा ट्रिप कधी ठेवत नाहीत. तीन लावतात, दोघांचं जुळलं तर ट्रिप. एक बिघडला तर मशिन उगाच बंद पडत नाही, आणि एक मुका झाला तरी संरक्षण राहतं. पण तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच केबल ट्रेमधून, एकाच पॉवर सप्लायवर असतील तर ते तीन नाहीत, एकच आहे तीन वेळा. हे मी नव्या ड्रॉइंगमध्ये आजही बघतो.

सिस्टिमचं भांडण झालं तर क्रम ठरलेला: सेफ्टी, मग इंटरलॉक, मग कोडॅक. वरचा हुकूम खालच्याला मोडता येत नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा दोन इंटरलॉक आपापल्या जागी बरोबर असतात. उदाहरणार्थ एक पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला ताबडतोब बंद व्हायला बघतो, आणि त्याच क्षणी प्लाझ्मा धरून ठेवायला तोच सप्लाय लागतोय. तो बंद झाला तर सप्लाय वाचेल आणि डिसरप्शन होईल. म्हणून मधल्या इंटरलॉकमध्ये आधीच लिहून ठेवतात की कोणाचं किती नुकसान सोसायचं, किती मिलिसेकंद थांबायचं, आणि कोण आधी जाणार. हे ठरवायच्या मीटिंगमध्ये पॉवर सप्लायवाले आणि प्लाझ्मावाले समोरासमोर बसतात, आणि पल्सच्या वेळी चर्चेला वेळ नसतो, म्हणून सगळं भांडण तिथेच, कागदावर, आधी.